औट्रम साहेब भला माणूस होता. बरं, मग?

चाळीसगाव सोडून एसटी कन्नडकडे निघाली की समोर सातमाळ्याची भिंत उभी राहते. चालक गिअर खाली आणतो, खिडक्यांची खडखड वाढते, मागच्या बाकावर कुणीतरी पोराच्या नाकाशी लिंबू धरतं. या चढाला प्रवासी कन्नड घाट म्हणतात, ट्रकवाले नुसतं ‘घाट’ म्हणतात आणि सरकारी कागद म्हणतो औट्रम घाट. २०२१ च्या ऑगस्टअखेर इथं दरडी कोसळून रस्ता बंद पडला, तेव्हा हे नाव महाराष्ट्रभर ऐकू आलं. एरवी ते वनखात्याच्या पाटीवर असतं : गौताळा औट्रमघाट अभयारण्य.

मागे एकदा या पाटीपाशीच गाडी खोळंबली होती. शेजारच्या बाकावर एक तरुण तावातावाने सांगत होता, औरंगाबादचं नाव बदललं, मग या गोऱ्याचं कशाला ठेवायचं? त्यावर एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “अरे बाबा, हा साहेब भला होता. भिल्लांना त्यानं माणसात आणलं. सगळेच इंग्रज काही वाईट नव्हते.” तरुण गप्प झाला. साहेब भला निघाल्यावर पुढे काय बोलायचं, हे त्याला सुचेना.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की चूक दोघांचीही तीच होती. माणूस भला असेल तर नाव ठेवा, वाईट असेल तर काढा, हे दोघांनी धरूनच चाललेलं होतं. औट्रमला मी भला म्हणायला तयार आहे. इतकंच काय, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याच्याइतका सरळ माणूस सापडणं कठीण. म्हणून तर त्याची कारकीर्द नीट बघावी. कारण तो भला असूनही नकाशा तसाच रंगत गेला.

जेम्स औट्रम १८०३ चा, डर्बीशायरचा. बाप नावाजलेला इंजिनिअर, पण पोरगं दोन वर्षांचं असताना वारला आणि घराची परवड झाली. सोळाव्या वर्षी पोरगा मुंबईच्या लष्करात आला. १८२५ मध्ये, बावीस वर्षांचा लेफ्टनंट असताना, त्याला खानदेशात धाडलं ते भिल्लांची पलटण उभारायला.

इथं गुरुजींचं वाक्य तपासून घ्यावं लागतं. घाटवाटांची राखण हा भिल्ल नाईकांचा पिढीजात हक्क होता. त्याबदल्यात गावं त्यांना धान्य-पैसा द्यायची. पेशवाईच्या शेवटच्या वीसेक वर्षांत लुटालूट आणि दुष्काळाने खानदेश उजाड झाला, १८१८ मध्ये कंपनी आली, जुने हक्क विस्कटले आणि नाईक डोंगरात गेले. सहा-सात वर्षं कंपनीने तुकड्या पाठवल्या, माणसं मारली, फाशी दिली. डोंगर शांत होईना. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदललं. माफी द्या, तगाई द्या, जमीन द्या आणि त्यांच्यातलेच तरुण उचलून पलटण करा. धोरण एल्फिन्स्टनचं, अंमल औट्रमचा. धरणगावला त्याने तळ केला. तो भिल्लांबरोबर रानात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या, विश्वास मिळवला. हे खोटं नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित आणखी शे-दोनशे माणसं झाडाला लटकली असती.

पण ‘माणसात आणलं’ म्हणजे काय? माणसं ती होतीच. ज्या घाटांची राखण ती वतन म्हणून करत होती तिच्यासाठी आता हजेरीपट आला, आणि तो पट कंपनीच्या हातात होता. १८३० मध्ये हाच औट्रम फौज घेऊन डांगात उतरला आणि तिथले भिल्ल राजे त्याने नमवले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत डांगाचं सागवान कंपनीने पट्ट्याने घेतलं. एका डोंगरातल्या भिल्लांना भलेपणाने जिंकायचं आणि त्या जोरावर दुसऱ्या डोंगरात शिरायचं, असा हा व्यवहार होता. सेंधवा घाटाच्या राखणीवर इंग्रजांचा पगार खाल्लेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्यांच्यावरच उठला, त्याला असं एकाएकी वेड लागलं नव्हतं.

आता पुढे. अफगाणिस्तानातली लढाई, कलातहून समुद्रापर्यंत वेषांतर करून केलेली घोडदौड, हे सगळं इंग्रजी चरित्रांत पानोपानी आहे. आपल्याला त्याचं कारण नाही. सिंधचं मात्र आहे. १८४२-४३ मध्ये चार्ल्स नेपियर सिंधवर चालून निघाला, तेव्हा तिथल्या मीरांशी, म्हणजे राज्यकर्त्यांशी, वाटाघाटी करायला औट्रम होता. मीरांवर अन्याय होतो आहे हे त्याला दिसत होतं आणि तो तसं बोलत होता. नेपियरला तरी कुठं दिसत नव्हतं? आपल्याला सिंध घ्यायचा काहीएक हक्क नाही, तरी आपण घेऊ आणि ती मोठी फायद्याची, उपयुक्त, माणुसकीची बदमाषी ठरेल, असं त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. याच नेपियरने थोडे दिवस आधी सक्करच्या मेजवानीत औट्रमला ‘भारताचा बेयार्ड’ म्हटलं होतं. बेयार्ड हा निर्भय, निष्कलंक म्हणून गाजलेला जुना फ्रेंच सरदार. हीच पदवी पुढे औट्रमच्या थडग्यावर कोरली गेली.

१२ फेब्रुवारी १८४३ ला औट्रमने सिंधमधल्या हैदराबादेत मीरांकडून तहावर शिक्के घेतले. तिकडे नेपियरची फौज पुढे सरकतच होती. तीन दिवसांनी मीरांच्या बलुची फौजेने रेसिडेन्सीवर, म्हणजे कंपनीच्या वकिलाच्या कोठीवर, हल्ला केला, औट्रमने काही तास ती लढवली आणि मग आगबोटीत चढून निघून गेला. दोन दिवसांनी मियाणीची लढाई झाली आणि सिंध संपला. लुटीत औट्रमच्या वाट्याला आलेली रक्कम त्याने स्वतःसाठी घेतली नाही, धर्मादाय संस्थांना देऊन टाकली. पुढे कित्येक वर्षं तो नेपियरविरुद्ध लिहीत राहिला. हे सगळं कौतुकाचंच आहे. फक्त त्या देणगीने मीरांना विहिरीएवढी जमीनसुद्धा परत मिळाली नाही आणि ज्या तहाने त्यांचे पाय बांधले त्यावर शिक्के घ्यायला हाच निष्कलंक माणूस बसला होता. नेपियर बसला असता तर मीरांनी इतक्या विश्वासाने शिक्के उमटवले असते का, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

आणि आता बडोदा. आपल्या भाषेचा एक शब्द या प्रकरणात कायमचा अडकला म्हणून इथं जरा थांबतो.

१८४७ मध्ये औट्रम बडोद्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील, झाला. गणपतराव गायकवाडांचा काळ. दरबारात, पेढीवाल्यांत, रेसिडेन्सीच्या कचेरीत सगळीकडे एकच समजूत पक्की होती : पैसे टाकले की मुंबईहून हवा तो निकाल आणता येतो. मुंबई म्हणजे मुंबई सरकार, थेट कौन्सिलपर्यंत. या समजुतीवर एक अख्खा धंदा चालायचा. मध्यस्थ पैसे घ्यायचे, ‘वर पोचवतो’ म्हणायचे आणि पुष्कळदा स्वतःच खायचे. या व्यवहाराला लोकांचा शब्द होता ‘खटपट’. आपण ‘बरीच खटपट केली’ असं कष्टांबद्दल म्हणतो आणि ‘तो फार खटपट्या आहे’ असं म्हणताना एक डोळा बारीक करतो, त्यातला हा दुसरा अर्थ. औट्रमने तो शब्द जसाच्या तसा सरकारी इंग्रजीत नेला. जोइताबाई नावाच्या एका सावकाराच्या विधवेचं प्रकरण त्याच्यापुढे होतं, पेढीचा कारभारी तिच्याविरुद्ध होता आणि रेसिडेन्सीतलाच एतद्देशीय कारभारी या जाळ्यात असल्याचा औट्रमला संशय होता. ऑक्टोबर १८५१ मध्ये त्याने खटपटीवरचा लांबलचक अहवाल मुंबईला धाडला. त्यात त्याने असंही सुचवलं की मुंबई सरकारच्या वागण्यानेच ही समजूत पोसली जाते आहे.

पुढे काय झालं असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. दीड-दोन महिन्यांत साहेबांना बडोद्यातून हलवलं. कारण अहवालाची भाषा उद्धट होती.

हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग आमच्या तालुक्याची एक कचेरी आठवली. तिथं एक अधिकारी आला होता, सातबाऱ्याच्या दुरुस्त्या पैसे न घेता करून द्यायचा. माझ्या वडिलांच्या नावातली एक वेलांटी नऊ वर्षं चुकीची होती, ती त्याने एका दुपारी नीट केली. चौदा महिन्यांत त्याची बदली झाली. ‘साहेबांची बदली रद्द करा’ म्हणून आम्ही मोर्चा काढला, मीही घोषणा दिल्या. बदली रद्द झाली नाही. त्याच्या टेबलावरचा गठ्ठा पुन्हा पूर्वीएवढा झाला आणि खिडकीतला माणूस मात्र तोच राहिला, जो त्याच्या आधीही होता. आम्ही मोर्चा साहेबासाठी काढला, खिडकीसाठी काढायला हवा होता हे फार उशिरा कळलं.

औट्रमच्या गोष्टीत मात्र एक वळण आहे जे आमच्या साहेबाच्या नशिबी नव्हतं. तो विलायतेला गेला, सगळे कागद पार्लमेंटपुढे छापून आले, गवगवा झाला आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला सन्मानाने परत बडोद्याला बसवलं. तिथून थोडे दिवस एडन. आणि मग लखनौ. डलहौसीला लखनौच्या या अवध राज्यासाठी अशाच माणसाची गरज होती, ज्याच्या सचोटीवर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

लखनौला औट्रमच्या आधी स्लीमन होता, ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेला. त्याने अवधच्या अंदाधुंदीबद्दल पानंच्या पानं भरली होती, पण राज्य सरळ गिळंकृत करायला त्याचा विरोध होता. डलहौसीने औट्रमला सांगितलं, अवधची स्थिती कळवा. औट्रमने १८५५ च्या मार्चमध्ये अहवाल दिला. त्यात तो प्रामाणिकपणे लिहितो की मला या मुलखाचा स्वतःचा अनुभव नाही, रेसिडेन्सीच्या दप्तरात जे सापडलं त्यावरच मी विसंबून आहे. बडोद्यात रेसिडेन्सीच्या कचेरीतला माणूसच सामील आहे असं सांगणारा हा माणूस लखनौत मात्र रेसिडेन्सीच्या दप्तरावर डोळे मिटून विसंबला. निष्कर्ष काय निघाला? राज्य ताब्यात घ्यावं.

१८५६ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो अवधचा बादशहा वाजिद अली शाह याच्या आईकडे, राजमातेकडे गेला. राज्य कंपनीच्या हाती देणाऱ्या नव्या तहावर मुलाने सही करावी म्हणून आईने त्याची समजूत घालावी, तसं झालं तर तिला वर्षाला एक लाख रुपयांचा वेगळा तनखा मिळेल, असं त्याने तिच्यापुढे ठेवलं. बाईने ते मानलं नाही. आता मला सांगा, बडोद्यातल्या कुणा पेढीवाल्याने निकाल फिरवण्यासाठी लाख रुपये देऊ केले असते तर औट्रमच्या अहवालात त्याला काय शब्द पडला असता? आपल्याच भाषेतून नेलेला तो शब्द लखनौच्या कागदांत मात्र त्याला सापडला नाही. तिथं त्याचं नाव तनखा.

४ फेब्रुवारीला तो बादशहाकडे गेला. महालाच्या पहारेकऱ्यांकडची हत्यारं आधीच काढून ठेवली होती, तोफा गाड्यांवरून उतरवल्या होत्या. वाजिद अलीने तह वाचला, रडला. तह बरोबरीच्यांत होतात, मी आता कोण, मी कशावर सही करू, अशा अर्थाचं बोलला आणि डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हातात ठेवली. औट्रमने त्याला तीन दिवसांची मुदत दिली. ७ तारखेला अवध खालसा झालं आणि औट्रम त्याचा पहिला चीफ कमिशनर झाला. काही महिन्यांत तो आजारी पडून रजेवर गेला. राजमाता त्याच वर्षी लंडनला फिर्याद घेऊन गेली, परत आली नाही, पॅरिसमध्ये वारली. साताऱ्याच्या छत्रपतींसाठी लंडनात वर्षानुवर्षं खेटे घालणारे रंगो बापूजी तीन वर्षं आधी रिकाम्या हाताने त्याच दारातून परतले होते.

साताऱ्यावरून आठवलं. १८२५ मध्ये भिल्लांसाठी जी व्यवस्था लावली त्यात औट्रमचा एक सोबती होता, ओव्हान्स. तो याच घाटाच्या माथ्यावर, कन्नडला एजंट होता. पुढे ओव्हान्स साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडण्यात त्याचा मोठा हात होता. आपल्या इतिहासात तो खलनायक आहे आणि असायलाच हवा. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांच्या पिढीजात राखणदारांनी, त्याला पकडून पन्हाळ्यावर कोंडलं, हे वाचताना कोणत्याही मराठी माणसाला थोडं बरं वाटतं. तर १८४५ मध्ये या ओव्हान्सच्या खुर्चीत साताऱ्याला कोण येऊन बसला? औट्रम. त्याआधी तो सावंतवाडीच्या रानात मनोहर आणि मनसंतोष गडांवरून बंडखोर हुसकून आला होता. त्या गडकऱ्यांचं गाऱ्हाणं खानदेशातल्या भिल्लांसारखंच होतं, पिढीजात जमिनी आणि हक्क नव्या कारभारात गेल्याचं. या वेळी मात्र एल्फिन्स्टन नव्हता, माफी-तगाईचं धोरण नव्हतं. म्हणून औट्रमचा भलेपणाही कुठं दिसला नाही. एक वाईट साहेब, एक चांगला साहेब, खुर्ची एकच. औट्रम गेल्यावर दोन वर्षांच्या आत सातारा खालसा झाला.

यावर कुणी म्हणेल, मग माणसाच्या सचोटीला काही किंमतच नाही का? आहे. १८५७ मध्ये लखनौकडे जाताना सेनापतिपद हक्काचं असून त्याने ते हाताखालच्या जनरल हॅवलॉकला दिलं आणि स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून लढला. असा मोठेपणा कुठल्याही सैन्यात दुर्मीळ. १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने अवधच्या बहुतेक सगळ्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करायचा जाहीरनामा काढला, तेव्हा औट्रमने विरोध केला आणि जाहीरनामा थोडा मवाळ करून घेतला. त्याने कुणाचे तरी जीव नक्कीच वाचले. वाचलेल्या माणसाला मी हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की औट्रम जिंकला तिथं वरून परवानगी होती म्हणून जिंकला. खानदेशात एल्फिन्स्टनला माफी हवी होती, औट्रमने दिली. सिंधमध्ये तेव्हाचा गव्हर्नर जनरल एलनबरो याला सिंध हवा होता, औट्रमच्या विरोधाचं पुस्तक झालं. अवधमध्ये डलहौसीला अवध हवं होतं, औट्रमने अहवाल दिला. भला अधिकारी वरच्याचा हेतू बदलत नाही, त्या हेतूला आपलं नाव देतो. ‘इंग्रजांच्या काळात निदान साहेब तरी सरळ होते’ असं सुस्कारा टाकून म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत असतो. सरळ होते, काही तर फारच सरळ होते. त्या सरळपणामुळे गिळलेलं राज्य ‘सुधारलेलं’ वाटू लागलं आणि आजही गुरुजींना वाटतं.

मग पाटीचं काय करायचं? घाटाचं नाव राहू द्यावं असं माझं मत आहे. ते आपण दिलेलं नाही, मिरवतही नाही. इंग्रज नकाशावरून ते जुन्या वळणासारखं उरलं आहे आणि निम्मी माणसं कन्नड घाटच म्हणतात. पण अभयारण्याची गोष्ट वेगळी. ते १९८६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, आपल्याच सरकारने घोषित केलं. नाव माणसाचं नसून घाटाचं आहे, असा बचाव होतो. असेल. पण नुसतं गौताळा काय वाईट होतं? त्याच रानात पितळखोऱ्याची लेणी आहेत. पायथ्याला पाटणादेवी आहे, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे. नावांचा दुष्काळ नव्हता.

आणि साहेबाच्या भलेपणाचा इथं प्रश्नच येत नाही. औट्रमच्या चरित्रात एक यादी आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत खानदेशात तो हजर असताना मारलेल्या वाघांची संख्या १९१. अस्वलं, बिबटे वेगळे. वाघ मारणं तेव्हा पुण्यकर्म समजलं जायचं आणि गावकरीही खूश व्हायचे हे मान्य. पण पुढे या डोंगरातून वाघ नाहीसा झाला. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण नर वाघ सुमारे दोन हजार किलोमीटर हिंडत गौताळ्यात पोचला आणि कॅमेऱ्यात दिसला. १९४० नंतर या रानात दिसलेला तो पहिला वाघ, असं वनखात्याने सांगितलं.

तो चालत आला त्या जंगलाच्या तोंडावर अजून औट्रमचं नाव आहे. नवी अधिसूचना निघायला लागतील तेवढी वर्षं लागोत. तोवर वनखात्याने त्याच पाटीवर, बिबट्याच्या चित्राखाली जागा आहे तिथं, १९१ हा आकडा तरी रंगवून घ्यावा. एका डब्याच्या रंगात काम होईल.